फुलोऱ्यातली करंजी

प्रिय ईशान आणि मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसलात, एवढ्या टापटिपीच्या आजीच्या कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर कशी? आज सांगते, कारण काल आपल्या गल्लीतल्या पायलने नर्सिंगची पहिली ड्यूटी केली. तिला विचारूनच लिहिते आहे.

सोळाव्या वर्षी तिने गोरेगावच्या आठवडी बाजारात मोबाइल चोरला होता. शाळेनंतर रोज माझ्याकडे अभ्यासाला यायचं, या अटीवर बाल न्याय मंडळाने तिला घरी राहू दिलं. हमी मी घेतली. पण त्याच दिवसापासून कपाटाची किल्ली माझ्या कमरेला आली. पायलने ते पाहिलं असणारच.

त्या वर्षी जन्माष्टमीला घरात कान्होबा बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जनाच्याच दिवशी, पायलवर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकारी बाई येणार होत्या. मी हमी काढून घेतली असती, तर पायलची रवानगी निरीक्षणगृहात झाली असती. माझं मन डळमळत होतं. त्या दिवशी सकाळी मातीच्या कान्होबापुढे हात जोडले, "देवा, तूच खूण दाखव." डोळे उघडले, तर देवावर लाकडी चौकटीला टांगलेल्या फराळाच्या फुलोऱ्यात अकराऐवजी दहाच करंज्या! विसर्जनाआधी फुलोऱ्याला कोणी हात लावत नाही. देवघरात माझ्याशिवाय फक्त पायल येऊन गेली होती. हीच खूण, आता हमी काढून घ्यायची, असं मी धरून चालले.

दुपारी अधिकारी बाई आल्या. मी तोंड उघडणार, तोच पायल पुढे आली.

"आजी, फुलोऱ्यातली एक करंजी मी खाल्ली जी. वास आला, राहवलं नाही. कोनं इचारायच्या आधी मीच सांगून राहिली."

विसर्जनासाठी आलेली शेजारची शेवंताबाई गरजली, "काऊन वं चोट्टे, देवाचीच करंजी?" अन् स्वतःच खो खो हसली. "हा देव तरी कुठचा साव? लोनी चोरूनच मोठा झाला ना!"

अधिकारी बाईंनाही हसू आवरेना. पायल रडता रडता हसली.

मी देवाकडे खूण मागितली होती आणि तिचा अर्थ मात्र स्वतःच लावून मोकळी झाले होते. कोणी पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं, तरी पोर खरं बोलली. हमी मी कायम ठेवली आणि कमरेची किल्ली सोडून तिच्या हातात दिली. "कपाटातून कान्होबाचं जरीचं वस्त्र काढ." तलावापर्यंत कान्होबा तिनेच डोक्यावर नेला.

पुन्हा तिने चोरी केली नाही. मीही देवाच्या वतीने निकाल देणं सोडलं. जुन्या फुलोऱ्याची चौकट आता वाळवीने खाल्ली आहे. किल्ली मात्र मी पुन्हा कमरेला लावली नाही; ती अजून दाराजवळच्या खिळ्यावरच आहे.