हिरवं झाड पेटतं

गाव सोडलं त्या दिवशी विमानतळासाठी मागचा डोंगर सुरुंगांनी फुटत होता आणि जेसीबी माझ्या पडवीपर्यंत आला होता. मी चुलीपाशी बसून राहिले. शेवटी तुम्ही गावच्या बायांनीच हातपाय धरून मला उचललं. एकीला मी कडकडून चावले. कोणाला ते लिहीत नाही, तिला ठाऊक आहे.

पनवेलला भावाच्या खोलीत जीव रमेना, म्हणून लेक भारती मला कॅनडाच्या उत्तरेला घेऊन आली. इथे मैलोनमैल स्प्रूसची झाडं. आपल्या सुरूसारखी, पण सुया आखूड नि टोचऱ्या. ती झाडं तपासायची हे तिचं काम. खोडात पोकळ सळी फिरवून पेन्सिलीएवढी काडी काढायची आणि तिच्यावरच्या वर्षावर्षाच्या रेघा बघायच्या. पूर्वी या थंड मुलखात उन्हाळा उबदार गेला की झाड अंग धरायचं, रेघ जाड. आता ऊन वाढलं, पाऊस हुकला, आणि तीच ऊब झाडाला मारते. कधी ऊब लवकर येते, कोंब फुटतात, मग हिव पडून करपतात. अलीकडच्या रेघा केसाएवढ्या.

यंदा उन्हाळ्यात जंगल पेटलं. घरं सोडा, असा हुकूम आला. मी म्हटलं, एकदा मला घरातून उचललं, आता नाय.

पेरणीआधी शेतात पालापाचोळा, शेण जाळून राब भाजताना माझी आई म्हणायची, "ओल्या झाडाला आग लागत नाय, पोरी." बांधावरचा आंबा जन्मभर राबाशेजारी उभा होता, पानंच तेवढी करपायची. इथे तर घराभोवती सगळं हिरवंगार. मी खुर्ची धरून बसले.

भारती ओरडली, "आये, दिसतात हिरवी, आत पानी नाय. नुसती राळ हाय. ऊठ!"

"तुझ्या आजीनं जन्मभर राब भाजला. मला आग शिकवतंस?"

तेवढ्यात रस्त्यापलीकडचं झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका दमात भडकलं. मग शेजारचं, मग त्याच्या मागचं. खिडकीची काच तडकली. मी उठत नव्हते आणि मला टाकून भारती जात नव्हती. दोघी जळालो असतो.

तिने माझ्या थोबाडीत मारली. अंबाडा धरून फरशीवरून फरफटत नेलं, गाडीत कोंबलं. गुडघा फुटला. जळत्या फांद्या टपावर आपटत होत्या आणि ती मला शिव्या घालत गाडी हाणत होती, अस्सल आपल्याकडच्या, माझ्याच तोंडून शिकलेल्या. घराची राख झाली.

आता शहरात दोन खोल्यांत राहतो. भारती जळक्या जंगलात पुन्हा काड्या काढायला जाते. आली की अंगाला धुराचा वास. ती आल्याशिवाय मी जेवत नाही.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतेस. कुठल्या घरी? तिथे आता सपाट जमीन आहे. ही पोरगी जिथे राहील तिथे मी. तिची आई आहे, झाड नाही. कोणी इकडे येत असेल तर सुकट पाठवा, पण डोकी काढून. इथे वासावरून शेजारी भांडतात, आणि मीही भांडते.