जालन्याचा नळ उघडा ठेवून अंदमानला

आमच्या ह्यांनी तीसेक वर्षं एसटी चालवली. पण गादीच्या सीटवर रेलून, खिडकीबाहेर बघत केलेला प्रवास म्हणाल तर आयुष्यात मोजून दोन, एक आमच्या लग्नाचा आणि एक सासऱ्यांना दवाखान्यात नेतानाचा. निवृत्त झाल्यावर दोन महिने ते ओट्यावर बसून गल्लीतल्या रिक्षावाल्यांना गिअर कसा टाकावा ते शिकवत होते. रिक्षावाले दुसऱ्या गल्लीनं जायला लागले तेव्हा मी म्हटलं, आता कुठंतरी निघायलाच पाहिजे.

"समुद्र बघू," हे म्हणाले. "पण गोवा नको. आन् रस्ता लांब पाह्यजे. नुसतं वाळूत बसून काय करू राह्यलो मी?"

समुद्र हवा, लांबलचक रस्ता हवा आणि खर्च आटोक्यात हवा. तिन्ही एका जागी मिळाली ती अंदमानात. तिथं बेटं आहेतच, शिवाय पोर्ट ब्लेअरपासून उत्तरेला दिगलीपूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे आणि त्यावर सरकारी बस धावते. सरकारी बस म्हटल्यावर ह्यांचे डोळे चमकले.

मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासते. मार्चपासून आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून जानेवारीचा शेवट धरला. तिकिटं तीन महिने आधी काढली. जालन्याहून जाणाऱ्यांनी मुंबईच्या नादी लागू नका. रात्रीच्या रेल्वेनं सिकंदराबाद, तिथून विमानानं चेन्नई आणि पुढं पोर्ट ब्लेअर, हे आम्हाला बरंच स्वस्त पडलं. वाटेत एक दिवस जास्त जातो, पण आपल्याला कोण विचारतंय. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डझनभर मोसंबी घेतली.

निघण्याआधी घराची व्यवस्था लावायची होती. आमचं घर जुन्या जालन्यात. समोरचा रस्ता दर काही वर्षांनी उंच होत गेला आणि घरं होती तिथंच राहिली, त्यामुळं आमची मागची खोली स्वयंपाकघरापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. शेजारी नसीमभाईंचं गादीचं दुकान आणि घर. त्यांच्या रुखसारचं लग्न आम्ही परतल्यावर चार दिवसांनी होतं. तिला द्यायच्या दोन गाद्या, सहा रजया, लोड, तक्के हे सगळं नसीमभाईंनी स्वतः कापूस निवडून, स्वतः पिंजून बनवलं होतं. रजयांवर शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, हातानं टाके घातले होते. त्यांच्या घरात पाहुणे उतरायला लागले होते आणि हे ठेवायला जागा उरली नव्हती.

मीच म्हटलं, "आमची मागची खोली रिकामी आहे. कोरडी आहे. तिथं ठेवा."

ठेवलं. कुलूप लागलं. घराची दुसरी किल्ली मात्र ह्यांनी टेंभुर्णीला नणंदेकडं पाठवून दिली. "किल्ली घरच्याच माणसाकडं पाह्यजे," असं ह्यांचं म्हणणं. मी एकदा म्हणून बघितलं, नसीमभाईंकडं देऊ या का? पण गडबडीत होते, जोर लावला नाही. त्यांचं सामान आमच्याकडं आणि आमची किल्ली पन्नास किलोमीटरवर.

पोर्ट ब्लेअरला उतरल्या उतरल्या ह्यांनी घाटातली वळणं बघून "ड्रायव्हर चांगले असणार इथले" असा निर्वाळा दिला. जेटीपासून चालत अंतरावर साधी खोली घेतली, आठशे रुपये रोज. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल बघितलं.  दुसऱ्या दिवशी नीलची बोट धरली. नील म्हणजे सरकारी नावानं शहीद द्वीप. एक सल्ला: खासगी बोटींच्या जाहिराती बघून भुलू नका. सरकारी बोटीचं तिकीट त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, फक्त ओळखपत्र घेऊन खिडकीवर सकाळी लवकर रांग लावा. रोख पैसे जवळ ठेवा, कारण फोनवरून पैसे द्यायला गेलं की नेटवर्क गायब होतं.

नील मला फार आवडलं. छोटंसं, सपाट, भाड्याच्या सायकलीवर अर्ध्या दिवसात फिरून होणारं. एका बाजूला वांगी, कारली, पालेभाजीचे वाफे आणि त्यांच्या बांधाला लागून समुद्र. पाणी इतकं स्वच्छ की गुडघाभर आत उभं राहिलं तर पायाची नखं दिसतात. मी त्या दिवशी तासभर नुसती पाण्यात उभी होते. हे काठावर चप्पल हातात घेऊन, "पुरे आता, सर्दी व्हईल," म्हणत. मग स्वतःच उतरले आणि निघेनात.

आम्ही दीपालीदीदी नावाच्या बाईंच्या घरी उतरलो होतो. बंगाली कुटुंब, दोन खोल्या पाहुण्यांसाठी, दीडशे रुपयांत मासे-भात किंवा भाजी-भात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भांडं घासायला मागं गेले. तिथं एक निळा ड्रम, ड्रममध्ये नळाला जोडलेली पाइप आणि नळ पूर्ण उघडा. थेंबही येत नव्हता.

"ये खुला है, दीदी," मी म्हटलं.

"रहने दो," त्या म्हणाल्या. "पानी एक दिन छोड़के आता है। कब आएगा, पता नहीं। इसलिए खुला रखती हूँ।"

मी हसले. म्हटलं, आमच्या जालन्यातही असंच करतात. आमच्याकडं तर आठ-नऊ दिवसांनी येतं. आम्हीही पाइप ड्रममध्ये सोडून नळ उघडाच...

आणि हातातलं भांडं तसंच राहिलं.

निघायच्या सकाळी मी ड्रम रिकामा केला होता. शिळं पाणी राहिलं तर डास होतात म्हणून. धुऊन, पुसून, सवयीनं पाइप परत आत सोडली. आणि सवयीनंच नळ उघडला. गॅस बंद, लाइट बंद, खिडक्या बंद, सगळं ह्यांच्या यादीत लिहिलेलं होतं. नळ बंद करा असं आमच्या यादीत कसं असणार? आमच्या गल्लीत नळ कुणी बंद करतच नाही.

मी बोटांवर मोजायला लागले. आम्ही निघालो त्याच्या तीन दिवस आधी पाणी येऊन गेलं होतं. म्हणजे आज आठवा दिवस. उद्या नववा. पाणी सुटलं की तास-दीड तास चालतं, ड्रम पंधरा मिनिटांत भरतो. पुढचं सगळं पाणी स्वयंपाकघरातून दोन पायऱ्या उतरून मागच्या खोलीत जाणार. रुखसारच्या गाद्यांत.

ह्यांना सांगितलं तर आधी विश्वास बसेना. मग रागावले.  आमच्या सिमला तिथं रेंज नव्हती. दीपालीदीदींनी स्वतःचा फोन दिला. नसीमभाईंचा फोन बंद. शमीमभाभींचा नंबर माझ्याकडं कधी नव्हताच, भिंतीला भिंत असताना नंबर कशाला लागतो? शेवटी नणंदेला लावला.

"वहिनी, हे तर जाफराबादला गेल्ते, आजूक आले न्हाईत," ती तिच्या नवऱ्याबद्दल म्हणाली. "आले की किल्ली घेऊन सकाळीच धाडते. तुम्ही रडू नका बरं."

"नसीमभाईंना पण लावत राहा," मी म्हटलं आणि नंबर सांगितला. शेवटचे दोन आकडे सांगता सांगता वीज गेली आणि तिच्यामागून नेटवर्कही गेलं. आकडे तिला ऐकू गेले की नाही ते कळलं नाही.

"उद्या पोर्ट ब्लेअरला पोचलो की परतीची तिकिटं बघू," हे म्हणाले. "दिगलीपूर राहू दे."

थोड्या वेळानं म्हणाले, "किल्ली त्याच्याकडं दिली असती तर दोन मिनिटांचं काम होतं."

मला म्हणता आलं असतं, मी सांगत होते. नाही म्हटलं. कारण मीही जोर लावला नव्हता, आणि का लावला नव्हता ते मला माहीत होतं. रोज वाटीनं साखर घेतो, ईदचा शीरखुर्मा खातो, दिवाळीचा डबा देतो, पण किल्ली म्हटली की आम्हाला टेंभुर्णी आठवली. त्यांनी मात्र मुलीचं सगळं आमच्या कुलपात ठेवलं आणि किल्लीबद्दल एक शब्द विचारला नाही. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशीची बोट दोन तासांची. लोक डेकवर फोटो काढत होते, उडते मासे दिसले म्हणून ओरडत होते. मी फोन हातात धरून रेंजच्या एका तरी दांडीची वाट बघत होते. चहूकडं पाणीच पाणी आणि माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक नळ. पोर्ट ब्लेअरचा धक्का दिसला तेव्हा फोन थरथरला. मी लावायच्या आधीच नसीमभाईंचा आला.

"भाभी, सलाम. कायकू इत्ता घाबरे?"

 हे माझ्या हातातून फोन घेऊन म्हणाले, "नसीमभाई, पाणी आलं का?"

"आया ना. पर घर में नै आया," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. आदल्या दिवशी ते पिंपळगाव रेणुकाईकडं लग्नाच्या पत्रिका द्यायला गेले होते, फोनची बॅटरी उतरली होती. फोन सुरू केल्या केल्या माझ्या नणंदेचा लागला. म्हणजे आकडे तिला ऐकू गेले होते. त्यांनी घरी कळवलं. सकाळी पाणी सोडणारा माणूस व्हॉल्व्हची चावी खांद्यावर टाकून गल्लीच्या तोंडाशी आला, तर शमीमभाभी व्हॉल्व्हच्या झाकणावर स्टूल टाकून बसलेल्या.

मागून त्यांचाच आवाज आला. त्यांनी फोन ओढून घेतला होता. "मैं बोली उसकू, पहले अगली गल्ली कू छोड. हमारेकू पीछे से दे. वो बोला, पीछे से प्रेशर कम आतंय. मैं बोली, आने दे कम. चाबी टेंभुर्णी से निकली है."

"आणि गल्लीतले बाकीचे?" मी विचारलं.

"सब खडे थे ना घडे-बाल्टी लेके. कोई कुछ नै बोला. देशमुखकाकू बोले, आठ दिन ठैरे, दो घंटे और सही."

माझे नंदावे, म्हणजे नणंदेचे यजमान, किल्ली घेऊन अकराच्या सुमाराला मोटरसायकलवर पोचले. कुलूप उघडलं, नळ बंद केला, मागची खोली बघितली. कोरडी ठणठणीत. मग पाणी सोडणाऱ्यानं व्हॉल्व्ह उघडला. त्या दिवशी आमच्या गल्लीला बारीक धारेनं पाणी आलं आणि कुणाचेच ड्रम पूर्ण भरले नाहीत.

धक्क्यावर बॅगेवर बसून मी रडले. हे शेजारी उभे होते. म्हणाले, "आता चहा घ्यायचा. आन् दिगलीपूरची बस पकडायची. बिलकुल मागं फिरायचं न्हाई."

ती बस पहाटे निघते. सरकारी बसचं तिकीट आदल्या दिवशी काढा, चारशेच्या आत पडतं, आणि डाव्या बाजूची खिडकी मागा. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या एकत्र होतात आणि ताफ्यानं, आदिवासींसाठी राखीव असलेल्या जंगलातून जातात. तिथं थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. एकानं फोन बाहेर काढला तर कंडक्टरनं त्याला असं झापलं की ह्यांना स्वतःच्या आगारातली माणसं आठवली. पुढं खाडी लागते आणि आख्खी बस बोटीवर चढते. हे खाली उतरून, बस बोटीवर कशी लावतात ते वाकून बघत होते.

"रिव्हर्स में थोडा और काटो," न राहवून हे म्हणालेच.

ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "आप लाइन के आदमी हो क्या?"

झालं. रंगतपर्यंत दोघांच्या गप्पा. क्लच, घाट, पेन्शन, पाठदुखी. रंगतला जेवायला थांबलो तेव्हा ड्रायव्हरनं आम्हाला आपल्या टेबलावर बसवलं आणि डाळ-भात-मच्छीचे पैसे देऊ दिले नाहीत. रस्ता कुठं गुळगुळीत, कुठं नुसतीच खडी, पण ह्यांना खड्डेसुद्धा गोड लागत होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दुसरा खड्डे चुकवत होता.

दिगलीपूरहून बोटीनं रॉस आणि स्मिथ बेटांवर गेलो. दोन बेटं आणि मधे वाळूची पांढरी पट्टी, भरती आली की बुडते, ओहोटीला उघडी पडते. त्या पट्टीवर आम्ही दोघं चालत गेलो. शेवटची मोसंबी तिथं सोलली. इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. पैसे वाचवायचे असतील तर बोट चौघा-पाचजणांत वाटून घ्या, धक्क्यावर कुणी ना कुणी भेटतंच.

घरी आलो ते दुपारी. कुलूप उघडलं आणि रुखसारच्या गाद्या टेम्पोत चढायला लागल्या. शमीमभाभींनी मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न विचारला, "समंदर का पानी सच में खारा है?" कापसानं दगडासारखी जड एक रजई मी त्यांच्यासोबत उचलून टेम्पोत ठेवली. हे तेवढ्यात कुठंतरी गेले होते. आले तेव्हा हातात बाजारातून बनवून आणलेली नवी किल्ली होती. नसीमभाईंच्या दुकानात गेले आणि ती गल्ल्यावर ठेवली.

"ही तुमच्याकडं असू द्या. आधीच द्यायला पाह्यजे होती. चुकलं माझं."

नसीमभाईंनी किल्लीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं आणि ती मोजपट्टी टांगायच्या खिळ्याला अडकवली.

सगळा खर्च ठरवल्यापेक्षा थोडाच जास्त झाला. लोक विचारतात, काय राहिलं मनात? नीलचं पाणी राहिलं, बोटीवर चढणारी बस राहिली. पण परवाचं सांगते. मी प्रयोगशाळेत होते, हे आगारात जुन्या लोकांना भेटायला गेले होते, आणि गल्लीची पाण्याची पाळी आली. संध्याकाळी कुलूप उघडून आत आले. ड्रम काठोकाठ भरलेला होता, झाकण लावलेलं होतं, पाइप गुंडाळून ठेवलेली होती आणि नळ बंद होता.