पब्लिक ओळखणारे मास्तर

मास्तर मैदानाला जायचे आणि कुस्तीकडे पाठ करून बसायचे. आत दोन गडी एकमेकांच्या मानेला भिडलेले, हलगी कडाडतेय, आणि मास्तर सुपारी कातरत मागच्या गर्दीची तोंडं बघत बसलेले. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "कुस्ती काय बघायची रं? माणसं बघ. कोण जिंकणार ते मातीत कळतंय. कोण टिकणार ते हितं कळतंय."

तुम्हीही मैदानं बघितली असतील. तुम्ही-आम्ही पैलवानाचे दंड बघतो, मांड्या बघतो. मास्तर बघायचे ते कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचे ओठ. म्हातारा नकळत पुटपुटायला लागला की मास्तर मांडीवर थाप मारून म्हणायचे, "उचलला! पब्लिकनं गडी उचलला."

तासगावात माझं सायकलचं दुकान होतं आणि त्याला लागून त्यांचं शिलाईचं. मध्ये फळ्यांची भिंत, तिच्या फटीतून त्यांच्या मशीनची खडखड आणि तोंडाची टकळी दोन्ही माझ्याकडे यायच्या. सत्तर सालानंतरची चार-सहा वर्षं मी ती टकळी रोज ऐकली. माझी लग्नातली पँट त्यांनी लग्न उरकल्यावर दिली, पण पैलवानाचा लंगोट कधी एक दिवस उशिरा दिला नाही. तालमीतली पोरं मापं द्यायला यायची आणि तास तास बसून ऐकायची.

"मैदानात फेरी मारताना स्टेजवरच्या पाव्हण्यांकडं बघू नगा," मास्तर सांगायचे. "त्यास्नी आमंत्रण हाय म्हून आल्यात. झाडावर बसलेल्याकडं बघून हात जोडा. त्यो चार कोस चालत आलाय."

"आन् जिंकल्यावर?"

"जिंकल्यावर आधी हरलेल्याच्या वस्तादाच्या पाया पडायचं. आपला वस्ताद घरचाच हाय."

मी फटीतून म्हणायचो, "मास्तर, आवं, हे नाटकच की सगळं!"

"नाटकच. पर डाव खरा हाय न्हवं? लगीन खरं आसतंय म्हून काय वाजंत्री लावत न्हाईत व्हय?"

त्यांचं आणखी एक मत होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. पब्लिकला एकाला डोक्यावर घ्यायचं तर शिव्या द्यायला दुसरा कुणीतरी लागतो. आणि हरलेला पैलवान पब्लिकला चालतो. तोंडावर पडून हसत उठणारा तर फारच आवडतो. पण जो आपणहून हात जोडून मातीबाहेर आला, तो कायमचा उतरला. "त्याला मग घरचं कुत्रंबी वळखत न्हाई," असं म्हणून ते दात लावून दोरा तोडायचे.

पलूसकडचा संपत नावाचा एक गडी त्यांना फार लाडका होता. अंगानं शेलाटा, डावात चपळ, पण लाजाळू. जिंकला की मान खाली घालून धूम पळायचा, लोकांना त्याचं तोंडसुद्धा नीट दिसायचं नाही. मास्तरांनी त्याला थांबायला शिकवलं, वळायला शिकवलं, लोकांकडे बघायला शिकवलं. एका जत्रेत तर त्याच्या नावाची पहिली आरोळी ठोकायला मला लिंबावर चढवलं. आरोळी बरी गेली, उतरताना पँट फाटली. ती मात्र मास्तरांनी उभ्या उभ्या शिवून दिली.

दोन वर्षांत संपतचं नाव हँडबिलावर मोठ्या टायपात येऊ लागलं. तो बाजारातून निघाला की चहावाले गल्ल्यावरून उठायचे. आणि मग साताऱ्याकडच्या एका मल्लाशी त्याची निकाली कुस्ती ठरली. निकाली म्हणजे कुणाची तरी पाठ लागेपर्यंत सोडायची नाही. साताऱ्याचा गडी फौजेतला, रजेवर आलेला, धिप्पाड. कऱ्हाडच्या अलीकडे नदीकाठी मैदान. गावंच्या गावं ट्रक ठरवून बसली होती.

मैदानाच्या आधी संपत नवा जांघिया घालून बघायला आला. मास्तर म्हणाले, "मागं वळून बघ, शिवण कुठं वडती काय." संपत वळला, पण मान वळली नाही. अख्खं धड वळलं.

मशीन थांबलं. मी फटीला डोळा लावला.

"मानंला काय झालंय?"

"लचक हाय. उतरंल."

मास्तरांनी त्याला दुकान बंद करून स्वतः मिरजेच्या डॉक्टरकडे नेलं. परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले होते. डॉक्टरनं सांगितलं होतं, मानेच्या मणक्याला इजा आहे, आता जोर पडला तर हातपाय जातील. अंथरुणावरून उठणार नाही.

"कळीव त्यास्नी, येत न्हाई म्हून," मास्तर म्हणाले.

संपत कट्ट्यावर बसला होता. त्यानं वर न बघताच उत्तर दिलं. "मास्तर, तुमीच सांगितलंय न्हवं? सोडून दिल्याला कुत्रंबी वळखत न्हाई."

माणसाचं मत त्याच्याच अंगावर असं उलटलेलं मी दुसऱ्यांदा कुठं बघितलं नाही. पुढचे दिवस ते संपतच्या मागे लागले. रागावले, हातापाया पडले, त्याच्या वस्तादाला जाऊन भेटले. वस्तादाला संपतनं आधीच गप्प केलं होतं. नाव मोठं झालं की माणूस स्वतःचा राहत नाही, आणि संपतचं नाव मोठं करायला आम्हीच झटलो होतो.

मैदानाच्या दिवशी मास्तर आणि मी पुढच्या रांगेत बसलो. सकाळी नारळ फोडून, पूजा करून लाल माती भिजवलेली. ताक, तेल, हळद, लिंबू, सगळं तिच्यात कालवलेलं. त्या मातीवर पाय ठेवायच्या आधी पैलवान ती कपाळाला लावतो. मैदानाच्या कडेला चपलांचा ढीग होता. आम्ही मात्र आमच्या चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून बुडाखाली घेतलेल्या. मास्तर त्या दिवशी गर्दीकडे बघत नव्हते. सुपारीसुद्धा काढली नव्हती.

सुरुवातीला संपतनं चपळाईनं निभावलं. दोनदा पाय धरायला पटात शिरला, दोनदा निसटला. लोक उभे राहिले. मग त्या फौजी गड्यानं त्याला खाली घेतला, पाठीवर कब्जा केला आणि मानेवर घुटना ठेवला, म्हणजे गुडघ्यानं मान दाबून धरली. त्याची काही चूक नव्हती. डाव कायद्यातला होता आणि त्याला मानेचं ठाऊक नव्हतं.

संपतचं तोंड मातीत गेलं. त्याचा डावा हात आधी माती धरून होता, तो हळूहळू सुटला. बोटं नुसतीच पडून राहिली. मला ती अजून दिसतात.

पंचानं वाकून काहीतरी विचारलं. बरोबरीत सोडवू का, हेच विचारलं असणार. संपतनं मातीतल्या मातीत तोंड हलवलं, नाही म्हणून. आणि पंच वाकलेला बघून लोकांना वाटलं, कुस्ती सोडवतायत. चहूकडून ओरडा उठला, "निकाल! निकाल!" ढेकळं आली. कुणीतरी पटका भिरकावला. संपतवर जीव टाकणारेच सगळे. त्याच्याच गावची माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "ऊठ संपत! ऊठ वाघा!" पंच घाबरून मागे सरला.

मास्तर उभे राहिले. त्यांनी खाली वाकून चपला पायात घातल्या. मला वाटलं, बघवत नाही म्हणून निघाले. मीही उठायला लागलो. तर ते हलगीवाल्यांच्या मधून वाट काढत सरळ पुढे गेले आणि चपलांसकट मातीत शिरले.

हलगी थांबली. तिकडच्या टोकापर्यंत लोकांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मास्तर मध्यापर्यंत गेले, दोन्ही पैलवानांच्या पुढ्यात उभे राहिले, आणि चप्पल आपटून मोठ्यानं म्हणाले, "काय हुतंय रं? मातीच तर हाय!"

त्यानंतर जे झालं त्याला मारहाण म्हणणं कमीच होईल. सगळं मैदान आत घुसलं. पंचांनी पैलवान ओढून बाजूला केले, कुस्ती मोडली. मास्तर कुठे दिसेनात. माणसांच्या त्या गराड्यात शिरून मी, एक हवालदार आणि तो फौजी पैलवान, अशा तिघांनी त्यांना बाहेर काढलं. सदऱ्याची एक बाही तेवढी अंगावर होती. कानामागून रक्त येत होतं. ट्रकच्या आडोशाला टेकवल्यावर त्यांनी आधी विचारलं, "सोडीवली न्हवं?"

"सोडीवली."

"हात हालीवतोय का त्यो?"

मी जाऊन बघून आलो. संपतचा हात मुंग्या आल्यासारखा होता, पण मूठ वळत होती. तसं सांगितल्यावर मास्तरांनी डोळे मिटले.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. तालमींनी मास्तरांकडे लंगोट टाकणं बंद केलं. दुकानाच्या दारावर कुणी शेण मारलं, ते धुतलं, तर पुन्हा मारलं. ज्या पोरांनी तास तास तिथं बसून अक्कल घेतली, ती रस्ता ओलांडून पलीकडनं जाऊ लागली. आणि संपत? संपत जास्तच मोठा झाला! चहाच्या टपरीवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, संपत उठणारच होता, त्या येड्या टेलरनं घात केला.

मी म्हणालो, "मास्तर, खरं सांगून टाका की एकदा. माझ्याच्यानं ऐकवत न्हाई."

"आन् मग त्याचं काय ऱ्हातंय? म्हणतील, टेलरनं वाचीवला. शिव्या खायाला कुणीतरी लागतंयच, गड्या. मी काय, बसून मशीन मारणारा माणूस."

संपत एकदा आला होता. मानेला पट्टा, भर बाजाराचा दिवस. दारात उभा राहून पायाशी वाकायला लागला, तसे मास्तर कात्री घेऊनच उठले आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला आईबहिणीवरनं शिव्या दिल्या. संपत रडत निघून गेला. मास्तर आत येऊन मशीनवर बसले आणि कापड न घालताच कितीतरी वेळ नुसतं पायडल मारत राहिले.

पुढच्या साली त्यांनी दुकान सोडलं. मुलगा शिरवळला कारखान्यात लागला होता, त्याच्याकडे निघाले. नेमकं त्याच दिवशी पलूसला मैदान होतं आणि संपत वर्षानंतर मातीत उतरणार होता. त्यांना पोचवायला मी बरोबर होतो. वाटेत मास्तर पलूसच्या स्टँडवर उतरले. गोणपाटात बांधलेलं मशीन खाली घेतलं आणि त्याच्यावरच बसले. "तू जा," मला म्हणाले. "कुस्ती बघू नगंस. आत येताना त्याची मान बघ आन् ये."

मी धावत गेलो. संपत आत आला आणि मैदान उठून उभं राहिलं. मी तेवढं बघितलं आणि धावत परत आलो.

"दोन्ही बाजूला वळत्या, मास्तर. खांदा न हालवता वळत्या."

"नीट बघितलंस?"

"आवं, डोळ्यांनी बघितलं."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग थोडं थांबून विचारलं, "लोक काय म्हणत्यात?"

माझ्यानं खोटं बोलवेना. "म्हणत्यात, मागच्याच साली जिंकला आसता, टेलर मधी नसता आला तर."

मास्तर हसायला लागले. इतके मोकळे हसले की पलीकडचा कंडक्टर वळून बघायला लागला. "म्हणू दे की! आवडतोय न्हवं त्यास्नी? म्हणू दे."

साताऱ्याची गाडी लागली. मास्तर आत खिडकीशी बसले, मी टपावर चढून मशीन बांधलं. मैदानाकडून एवढी मोठी आरोळी उठली की स्टँडवरची माणसं तिकडे पळाली. कुणीतरी कुणाला तरी चितपट केलं होतं. मी शिडीवरून उतरता उतरताच ओरडलो, "मास्तर, झाली वाटतं! बघून येऊ?"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून गाडीचा पत्रा थोपटला आणि कंडक्टरला म्हणाले, "चला, घंटी मारा."