कापसातला गार डबा

हातातल्या वस्तूला बोट लावायचं आणि लगेच तेच बोट कानाच्या पाळीला. तव्याचा चटका बसला की बाया करतात तसं. आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आलेल्या इंजिनिअरची ही खोड होती. बोट भाजो न भाजो, पाळी धरायचाच. मग आपणच निकाल द्यायचा, "गरम हाय. न्हाई चालणार."

माणूस जाफराबादकडचा, शिकला पुण्यात. ढगळ शर्ट, खिशात पेचकस. तेव्हा, नव्वदच्या पुढंमागं, मी भोकरदनला जिनिंगमध्ये कापूस निवडायचे. माझी शाळा चौथीपर्यंत. त्याची सगळी विद्या कळली असं म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र कळली, ती तुम्हालाही कळेल.

शेठनं आगीची घंटा बसवली होती. कापसाच्या ढिगात ऊब वाढली की तिथल्या डब्यानं तारेवरून कळवायचं आणि पार तिकडं ऑफिसापाशी घंटा वाजायची. पण मोटारी सुरू झाल्या की तारेत काहीबाही शिरायचं आणि घंटा उगीच ठणाणा करायची. पहिला आठवडा आम्ही धावलो. दुसऱ्या आठवड्यात नुसती मान वर केली. पुढं तेही सोडलं.

शेठ इंजिनिअरला म्हणाला, "आठ दिवस देतो. नीट करा, न्हाई तर काढून फेका."

ढिगाशेजारी आम्ही बसायचो, शेठ नाही.

त्यानं आधी केला तो डबा दांडगा. तारेवर मोटारींच्या वरताण ओरडणारा. कापसात विजेची लाइन न्यायची नव्हती म्हणून तो सेलवर चालायचा, आणि दुपारपर्यंत सेल खाऊन तापायचा. त्यानं बोट लावलं, पाळी धरली आणि या वेळी खरंच "स्स्" केलं.

मी म्हटलं, "आगीसाठी आणलेला डबाच काडी लावतो की काय?"

"मावशी, जखमेवर मीठ नका चोळू."

"मीठ न्हाई, पाणी टाकून राह्यले. तापलाय ना!"

दोन दिवस तो डबा खोलून बसला. तिसऱ्या दिवशी दोन लांब तारा घेऊन आला आणि मला न् माझ्याशेजारी कापूस निवडणाऱ्या शकिलाबीला म्हणाला, वातीसारखा पीळ घाला.

शकिलाबी म्हणाली, "ये काम के वास्ते कॉलेजात गेल्ता व्हय?"

तो तिथंच कापसावर बसला. "तुम्ही दोघी जीपमध्ये शेजारी बसल्या. खड्डा आला. काय होतं?"

"दोघी उडतो."

"त्यानं शकिलाबी तुमच्यापेक्षा उंच झाली का?"

"या जन्मात न्हाई," मी म्हटलं. तिनं मला कोपर मारलं.

"तेच! खड्डा दोघींना बराबर लागतो, तसा मोटारींचा धक्का दोन्ही तारांना. मी खड्डा बघतच न्हाई, फरक बघतो. डब्याला कळवायचं असलं की एक तार वर तर दुसरी खाली, मंग उलट. आन् पुरं उठायचं न्हाई, इत्तुसं सरकायचं. काम जल्दी होतं, अंग तापत न्हाई."

आठव्या दिवशी शेठसमोर सगळ्या मोटारी एकदम सुरू केल्या. घंटा गप्प. मग इंजिनिअरनं चहाचा गरम ग्लास डब्याच्या ऊब ओळखणाऱ्या काडीला टेकवला. घंटा वाजली. शेठ खूश.

आम्ही जागच्या हललो नाही.

"अहो, उठा ना!" इंजिनिअर ओरडला.

"वाजू द्या. तिला सवय हाय," शकिलाबी म्हणाली.

तोंड पार उतरलं बिचाऱ्याचं. घंटा खोटं बोलायची थांबली होती, पण तिचं ऐकतं कोण? दुसऱ्या दिवसापासून तो कधीही गुपचूप ग्लास टेकवायचा. वाजली की सगळ्यांनी बाहेर कडुलिंबाखाली पळायचं. शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांचे ग्लास धुवायचे. आम्ही शिव्या देत पळायचो. ग्लास बहुतेक त्यालाच धुवावे लागायचे.

असाच एकदा आमच्यात बसून चहा पीत होता. घंटा वाजली. आम्ही सवयीनं उठलो. हा बसलेलाच, हातातल्या ग्लासाकडं बघत. "चहा तर इथं हाय," म्हणाला. "मंग कोण?"

"आग हाय, बाबा!" शकिलाबीनं त्याची कॉलर धरली आणि ओढत बाहेर नेला. यंत्रात खडा घासून ठिणगी पडली होती, ती कापसाबरोबर ढिगात आलेली. गड्यांनी पाणी मारलं. एक कोपरा काळा झाला, बस्स. लिंबाखाली हा रडत होता की हसत, मला सांगता येणार नाही. त्या दिवशीही शेवटी तोच पोचला. ग्लास मात्र आम्ही धुतले.

पुढं तो बंगलोरला गेला. पत्र आलं नाही. आम्हीही वाट बघितली नाही, कामं होती.

काही वर्षांनी गुडघ्यांपायी मी काम सोडलं. शेवटच्या दिवशी जाता जाता त्या डब्याला बोट लावलं, आणि मेलं बोट आपोआप कानाच्या पाळीला गेलं. मोटारी धडधडत होत्या. डबा गार होता.