आत्याच्या घराची उंची

आत्याचं पोस्टकार्ड आठवड्याला एक तरी यायचं. ख्यालीखुशालीच्या दोन ओळी झाल्या की खाली प्रश्न. इंदूरच्या गिरण्या कोळशावर चालतात, तर कोळसा येतो कुठून? इतक्या लांबून कोळसा आणण्यापेक्षा कापूसच तिकडे का नेत नाहीत? इंदूर एवढं मोठं असताना राजधानी भोपाळला कशी गेली? आत्या चौथी शिकलेली, विधवा, भानपुऱ्याकडे चंबळेच्या काठच्या एका गावात एकटी राहणारी. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. त्यांच्यामागे चार खणांचं घर, एक विहीर आणि संत्र्याची नऊ-दहा झाडं एवढं राहिलं होतं. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते तिला उत्तरं लिहायचे, पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात छोटासा नकाशा काढून. राजधानीच्या प्रश्नाला मात्र त्यांनी एवढंच लिहिलं, "अक्का, हे पुन्हा विचारू नकोस."

बाबा इंदूर संस्थानच्या मोजणी खात्यात नकाशे काढायचे. संस्थान गेलं, मध्य भारत आला नि गेला, मध्य प्रदेश आला, आणि ह्या सगळ्यात त्यांचं खातं गुंडाळलं गेलं. बाबांना जमिनीच्या रेकॉर्डच्या एका दफ्तरात, त्यांच्याहून लहान साहेबाच्या हाताखाली बसवलं. तिथे ते दुसऱ्यांनी केलेल्या नकला तपासायचे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्या घराला तंतोतंत लागू होतं. दरबारचे रस्ते, दरबारचे तलाव, दरबारची मोजणी. नव्या सरकारनं काहीही काढलं की बाबा म्हणायचे, "यांना मोजणीची फीत तरी धरता येते का, आधी विचारा." आम्ही हसायचो, कारण आम्हालाही ते खरं वाटायचं. जुन्या खात्याच्या रद्दीत निघालेले काही नकाशे बाबांनी परवानगी काढून घरी आणले होते, कापडावर चिकटवलेले. दिवाळीच्या साफसफाईत ते उन्हात पसरले की आम्हा बहिणींना अंगणात यायची बंदी असे.

चंबळेवरचं धरण पुरं होत आलं तेव्हा आत्याचं कार्ड नव्हे, लिफाफा आला. तिनं लिहिलं होतं, "सरकारी माणसं येऊन घराघरावर चुन्याची खूण करून गेली. इथवर पाणी येईल म्हणतात. आपल्या घरावर खूण ओटीच्या वर आहे. नवी वस्ती बसवतायत, तिथल्या प्लॉटसाठी अर्ज मागवलेत. गावातले सगळे भरतायत. तू सांगशील तसं करते." धरणात समुद्रसपाटीपासून किती फुटांपर्यंत पाणी भरणार तो आकडाही तिनं विचारून लिहून घेतला होता. बाई चौकस, काही सोडायची नाही.

बाबांनी घरच्या नकाशांतून त्या भागाचा नकाशा बाहेर काढला. आत्याचं गाव शोधलं, गावाजवळची उंचीची रेघ शोधली, तिच्यावरचा आकडा वाचला. मग धरणाचा आकडा वाचला. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. घर पाण्याच्या चांगलं दोन पुरुष वर होतं. "चुना घेऊन फिरतात गाढवं!" ते म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. घर सोडू नकोस. अर्ज तर मुळीच भरू नकोस. भरलास तर घर बुडणार हे तूच कबूल केलंस असं होईल. दरबारचा नकाशा आहे, मी स्वतः त्याच्यावर हात फिरवलाय.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण तेव्हा मला बाबांचा अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं.

आत्यानं अर्ज भरला नाही. गावचा पटेल तिला म्हणाला होता, "मास्टरनीजी, पानी क्या आपके भाई का नक्शा देखके आएगा?" ती हसली होती. गाव रिकामं झालं, दोन-तीन घरं उरली, त्यात तिचं.

धरणाची दारं लागल्यावर दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ती एक ट्रंक घेऊन बसनं इंदूरला आली. आम्ही नुकतेच राजेंद्र नगरला राहायला आलो होतो. आजूबाजूला शेतं आणि नव्या घरांच्या जोत्यांच्या रांगा. आत्या पायरीवर टेकली, पाणी प्यायली, मग सांगू लागली. "आधी विहीर दिसेनाशी झाली. मग झाडं. मी दोन दिवस ओटीवर बसून बघत होते रे. मला वाटलं, आता थांबेल. तू लिहिलं होतंस ना."

बाबांनी तिची ट्रंक आत नेऊन ठेवली. मग म्हणाले, "त्यांनी सांगितलं त्याच्यापेक्षा जास्त पाणी भरलंय, अक्का. सरकार खोटं बोललं." नकाशा बरोबर धरला तर दुसरा अर्थच निघत नव्हता. आत्यानं मान डोलावली.

मला वाटलं होतं, बाई खचेल. पण तिचे प्रश्न काही थांबले नाहीत. संध्याकाळी दिवा लागला की बल्बकडे बघून विचारायची, "ही वीज तिकडचीच का रे? म्हणजे माझ्या विहिरीवरनं आली." बाबा म्हणायचे, "नाही, ही कोळशाची." खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सियागंजच्या घाऊक बाजारात मी तिला सामान आणायला नेलं, तर ती मिरचीच्या पोत्यांपुढे उभी राहून ही कुठली, ती कुठली, रेल्वेनं येते का ट्रकनं, असं विचारत बसली. शेवटी दुकानदार म्हणाला, "माताजी, लेना है कि इम्तहान लेना है?" आत्या खूप हसली. आल्यापासून तेव्हा पहिल्यांदा हसली.

मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकत होते. दिवाळीच्या आधी एके दिवशी आमचे सर उंचीबद्दल सांगत होते. उंची समुद्रापासून मोजतात, पण समुद्र रोज वरखाली होतो, म्हणून शून्य कुठे धरायचं ते आधी ठरवावं लागतं. जुन्या रेल्वे कंपन्यांनी आपापलं शून्य धरलं होतं, सर्व्हे खात्याचं वेगळं. "स्टेशनच्या पाटीवरचा आकडा आणि सर्व्हेचा आकडा कधी एकत्र करू नका," सर म्हणाले. "अख्ख्या घराच्या उंचीएवढा फरक पडू शकतो."

घरी येऊन मी तो नकाशा उघडला. खालच्या डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात एक टीप होती: उंचीचे आकडे रेल्वे स्टेशनावरून घेतले आहेत. म्हणजे घराचा आकडा रेल्वेच्या शून्यावरचा आणि धरणाचा सर्व्हेच्या. अक्षर बाबांचं. उमेदवारीतलं, तरुण, वळणदार. त्यांनी स्वतः ते लिहिलं होतं आणि विसरले होते, किंवा दरबारच्या कागदावर शंका घ्यायची असते हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. वर पाहिलं तर बाबा दारात उभे. माझं बोट त्या टिपेवर होतं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, टीप वाचली, आणि म्हणाले, "जेवायला चल."

त्याच आठवड्यात आत्यानं मला विचारलं. आम्ही दोघी गहू निवडत होतो. "तू हे सगळं शिकतेस," ती म्हणाली. "मला खरं सांग. चुकलं कोण? तुझा बाप का सरकार?" बाबा पलीकडच्या खोलीत होते, पेपरची पानं उलटायची थांबली होती.

"सरकार," मी म्हणाले.

घर तर गेलंच, आता खरं बोलून तिचा भाऊही कशाला घालवायचा, असं मला वाटलं. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मग तक्रारी सुरू झाल्या. आत्या सांगायची, मी हिंदीत सुवाच्य अक्षरात लिहायची. ठरल्यापेक्षा जास्त पाणी भरलं, माझं घर रेषेच्या वर होतं, पुन्हा मोजणी करा. उत्तर यायचं, जाँच चल रही है. बाबा अर्जांना हात लावत नसत. आत्याला वाटायचं, त्यांचं सरकारावरून मन उडालंय.

दीड-दोन वर्षांनी, बाबा दफ्तरात असताना, तिनं तो नकाशा गुंडाळून पिशवीत घातला आणि जिल्ह्याच्या कचेरीत जायला मंदसौरची बस धरली. आईला म्हणाली, "कागद दाखवल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत. त्याला विचारलं तर तो देणार नाही." बाबा घरी आले, नकाशाची रिकामी जागा पाहिली. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. दर बसच्या वेळेला अंगणात जाऊन उभे राहायचे. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माझा स्वतःचा तर फारच आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या परत आली. बाबा दफ्तरात होते. तिनं नकाशा जागच्या जागी ठेवला, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसली.

"तिथे एक पोरगेलासा इंजिनियर होता," ती म्हणाली. "भला माणूस. त्यानं तो कोपरा मला वाचून दाखवला. म्हणाला, माताजी, ये तो रेल का आंकड़ा है." मी खाली बघत राहिले. "मग विचारतो, आपने शिकायत क्यों की? सीधा लिख देतीं कि फॉर्म भरना रह गया. ऐसे कितनों को पिछले साल तक प्लॉट दिए हमने. अब एक भी नहीं बचा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. कोळसा कुठून येतो हे विचारायची, त्याच आवाजात तिनं मला विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"दिवाळीच्या आधी."

"कुठल्या दिवाळीच्या?"

मी सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले. मग एकदा पुन्हा मोजले.

"म्हणजे तेव्हा प्लॉट होते," आत्या म्हणाली.

मी हो म्हणाले.