क्रशरचा कीपॅड आमच्या दाराले

मंडळी, आज डोकं फिरलं!

जुन्या मशीनचे कीपॅड गोळा करायचा माहा नाद तुमाले माहीतच आहे. गडचांदूरच्या भंगारातून दगड फोडायच्या क्रशरचा एक आणला, घासूनपुसून घराच्या दाराले कुलूप म्हणून बसवला.

आईनं त्याचा नंबर खडूनं भिंतीवरच लिहून टाकला! "दूधवाल्याले अडचण होते ना बापा."

काल चिडून नंबर बदलवला, फक्त आईले सांगतला. आज संध्याकाळी घरी आलो तर मलेच आठवेना. आई बाजारात, तिचा फोन आत वाजून राह्यला.

तेवढ्यात दूधवाले भाऊ आले. चार बटनं दाबली, दार उघडलं.

"तुमच्या मायनं सकाळीच सांगतला नवा नंबर."

या कुलपानं आजवर अडवलं ते फक्त मले. काढून टाकू का, सांगा!