स्वस्तातला बॉल स्क्रू आणि अण्णांची बोटं

रविवारी दुपारी शेवगावला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाइट गेली... आणि पुढच्या काही क्षणांत मी जेवढी घाबरले, तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. आता मशीन दुरुस्त झालंय, म्हणून लिहायला बसलेय.

तशी मी घरातली भित्री भागूबाई. गॅसचं बटण दोनदा बघते, एसटीत दारापासून लांब बसते... आणि अशा बाईने घरच्या घरी सीएनसी राउटर बनवायचं मनावर घेतलं, म्हणजे बघा.

सीएनसी राउटर म्हणजे नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि मशीनने ती लाकडात कोरायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, देव्हारे बनवतात. हल्ली त्यांना मान वाकवून तासन्‌तास बसवत नाही, आणि गिऱ्हाइकाला तर दारावर मोर हवाच असतो.

सगळा घोळ एका गोष्टीपाशी अडला होता. मोटर फिरते गोल, पण कोरणारं हत्यार सरळ सरकायला हवं... मग मधे बसवायचं काय? दात्यांचा पट्टा, आट्यांचा लांब रॉड म्हणजे लीड स्क्रू, की बॉल स्क्रू?

पट्टा स्वस्त, पण सैल पडला तर? लीड स्क्रू झिजला तर? मोराची मान वाकडी आली आणि चांगली सागवानाची फळी वाया गेली तर?... या भीतीने मला नुसतं पोखरून काढलं होतं. ऑनलाइन ग्रुपवर विचारलं, तर जो तो म्हणाला, बॉल स्क्रूच घ्या.

नवा परवडण्यासारखा नव्हता. शेवटी नगरला जुन्या मशीनचं सामान विकणाऱ्याकडे एक आखूड तुकडा स्वस्तात मिळाला. त्याच्यावर फिरणाऱ्या नटात बारीक छर्रे असतात, त्यामुळे स्क्रू उभा धरला की नट आपोआप गरगरत खाली यायचा. किती स्मूथ आहे बघ, म्हणून मी आईलासुद्धा ते कौतुकाने करून दाखवलं.

तुकडा एकच, म्हणून मागेपुढे आणि डावी-उजवीकडे सरकणाऱ्या भागांना पट्टेच बसवले. हा बॉल स्क्रू लावला वरखाली होणाऱ्या भागाला, जिथे कोरणारी जड मोटर हत्यारासकट अडकवलेली असते.

रविवारी पहिल्यांदाच खरी सागवानाची फळी लावली. मोराचा पिसारा उमटायला लागला, अण्णा शेजारी उभे राहून बघत होते... पुढच्या पिसाकडे जायला मशीनने हत्यार चार बोटं वर उचललं, आणि तेवढ्यात लाइट गेली.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लाइट गेली की आमच्याकडे मशीनची सगळी कामं उरकून घेतात... पातं बदलणं, पट्टा चढवणं, भुसा काढणं. कारण तेव्हा चुकून कुणी बटण दाबलं तरी काही होत नाही.

अण्णांचा तर हा नियमच. मी लहान असताना ते रंध्याच्या मशीनमधला भुसा काढत होते आणि कुणीतरी बटण दाबलं. त्यात त्यांचं एक बोट अर्धं गेलं. तेव्हापासून लाइट असताना ते कुठल्याच मशीनमध्ये हात घालत नाहीत.

आणि लाइट गेली, की बिनधास्त घालतात.

अण्णांनी पिसाऱ्यावरचा भुसा पुसायला हात पुढे केला. कोरणाऱ्या मोटरची वीज गेली होती, पण वेगामुळे हत्यार अजून फिरत होतं... आणि मला दिसलं, की ते खाली येतंय. हळूहळू, अजिबात आवाज न करता, थेट त्यांच्या बोटांवर.

काही कळायच्या आत मी दोन्ही हातांनी मोटर धरली आणि वर उचलून तशीच उभी राहिले.

"काय गं, भूत दिसल्यावानी काय करतीस?" अण्णा हसायला लागले. "लाइट गेली ना पोरी. मशीन मेलं आता. कशाला भेतीस?" हात मात्र अजून तिथेच!

"अण्णा, हात काढा... आधी हात काढा." एवढंच कसंबसं बोलले. माझा आवाज ऐकून त्यांनी हात मागे घेतला.

मग मी मोटर सोडून दिली. कुणीही हात न लावता ती खाली उतरत गेली आणि हत्यार पिसाऱ्यात रुतलं... जिथे आत्ता अण्णांची बोटं होती, अगदी तिथे.

"आयला... हे तर जित्तं हाय," असं म्हणून अण्णा स्टुलावर बसले. कितीतरी वेळ ते अंगठ्याने ते अर्धं बोट चोळत राहिले. अण्णांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

जो नट माझ्या हातात गरगरत खाली येत होता, तो जड मोटर घेऊनही येणारच ना... चालू मशीनमध्ये स्क्रू फिरवणारी मोटर विजेच्या जोरावर त्याला धरून ठेवते, वीज गेली की धरणारं कुणी नाही. ग्रुपवर सगळ्यांनी बॉल स्क्रू सुचवला, पण तुमच्याकडे लाइट जाते का, हे कुणी विचारलं नाही. आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

आता तिथे बारीक आट्यांचा साधा लीड स्क्रू लावलाय, त्यात छर्रे नाहीत, म्हणून नट आपोआप घसरत नाही. मशीन मंद चालतं, थोडं कुरकुरतं, पण लाइट घालवून बघितली तर मोटर होती तिथेच लटकून राहते. कुणी घरी असं मशीन बनवत असेल, तर ही परीक्षा आधी घ्या... आणि सगळं थांबेपर्यंत हात लांब ठेवा.

पिसाऱ्यात खड्डा पडला, म्हणजे फळी वाया गेलीच, जे होईल म्हणून मी एवढी भीत होते. ती शेडमध्ये भिंतीला टांगून ठेवलीय. त्या खड्ड्याकडे लक्ष गेलं की मी अण्णांच्या हातांकडे बघते... साडेनऊ बोटं, सगळी जागच्या जागी.